विद्येचा खर्च कोणी सोसावा?

महाविद्यालयातील प्राध्यापकाला किती वेतन मिळावे, या प्रश्नाविषयी आपल्या समाजात दोन परस्परविरोधी समजुती एकाच वेळी नांदत आहेत. पहिली अशी की, विद्यादान हे व्रत असल्यामुळे अध्यापकाने पैशाकडे दृष्टी ठेवू नये. दुसरी अशी की, प्राध्यापक म्हणजे थोडे तास शिकवून भरपूर वेतन घेणारा व सुट्या उपभोगणारा एक भाग्यवान सरकारी नोकर. गंमत अशी की, या दोन्ही समजुतींना आधार सापडेल अशी माणसे आज एकाच महाविद्यालयात, एकाच अध्यापक-कक्षात, शेजारी शेजारी बसलेली दिसतात. एकाला आयोगाने ठरविलेली पूर्ण वेतनश्रेणी मिळते. दुसरा तोच विषय, त्याच वर्गाला, तीच पदवी व तीच पात्रता-परीक्षा गाठीशी बांधून शिकवितो, परंतु त्याचे मोल मात्र तासावर मोजले जाते. हे असे का झाले, आणि यामागे सार्वजनिक उच्च शिक्षणाच्या खर्चाचे कोणते गणित आहे, याचा थोडा उलगडा करण्याचा येथे विचार आहे.

विद्येसाठी सार्वजनिक द्रव्य खर्च करावे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. पेशवाईत श्रावणमासात विद्वानांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अंमल आल्यावर या दक्षिणा-निधीचा काही भाग पुण्याच्या पाठशाळेकडे व पुढे महाविद्यालयीन शिक्षणाकडे वळविण्यात आला. त्यातलाच काही अंश मराठी ग्रंथरचनेच्या उत्तेजनासाठी वापरावा, असा अर्ज १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी केला होता. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या बुद्धिमान तरुणांना विद्यार्थिदशेच्या अखेरीस ज्या शिष्यवृत्तीने आधार दिला, तिचे नाव 'दक्षिणा फेलोशिप' असेच होते. म्हणजे जुन्या राजाश्रयाचे पाणी नव्या पाटात सोडले गेले आणि त्यावर एक नवे पीक आले.

परंतु शासनाने सर्व भार स्वतः उचलावा, हे इंग्रजी राज्याचे धोरण नव्हते. १८५४ सालच्या वुड यांच्या खलित्याने जी पद्धत घालून दिली, ती अनुदानाची. खाजगी मंडळींनी संस्था काढाव्या, शासनाने त्यांची तपासणी करावी व खर्चाचा काही वाटा द्यावा. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. १८८२ सालच्या हंटर आयोगानेही खाजगी प्रयत्नांनाच उत्तेजन दिले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची १८८४ साली आणि फर्ग्युसन महाविद्यालयाची १८८५ साली स्थापना झाली, ती याच वातावरणात. आजही आपली बहुसंख्य महाविद्यालये खाजगी संस्थांची आहेत, त्यातील काहींचे वेतन शासन देते व काहींचे देत नाही. या गुंतागुंतीचे मूळ त्या जुन्या अनुदानपद्धतीतच शोधावे लागते.

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या त्या पहिल्या पिढीची आठवण आपण नेहमी अभिमानाने काढतो. वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची प्रतिज्ञा करून आजीव सभासद झालेली ती माणसे. नामदार गोखले यांनी महिना पंच्याहत्तर रुपयांवर काम केले; आगरकर आणि पुढे कर्वे यांनीही बाहेरची मोठी नोकरी पत्करली नाही. हा त्याग खरा होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण या कथेचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. लोकमान्य टिळक १८९० साली या संस्थेतून बाहेर पडले, त्यामागील मतभेदांत वेतनाचा व मिळकतीचा प्रश्न अगदी मध्यभागी होता. आजीव सभासदांनी संस्थेबाहेरची कामे करून मिळकत मिळवावी की सारा वेळ संस्थेलाच द्यावा, सर्वांना सारखेच वेतन असावे की गरजेप्रमाणे वाढवून द्यावे, यावर ते वाद झाले. ज्या मंडळींच्या त्यागाविषयी कोणालाही शंका नव्हती, त्यांच्यातसुद्धा अल्प वेतनाचा प्रश्न इतका तीव्र झाला की, संस्थेच्या संस्थापकांपैकी एकाला ती सोडावी लागली. वेतनाचा प्रश्न हा लोभाचा प्रश्न असतो असे समजणाऱ्यांनी हा इतिहास एकदा मनाशी घोळवून पाहावा.

त्या त्यागाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. आजीव सभासद हा संस्थेचा चालक होता. अभ्यासक्रम कसा शिकवावा, पैसा कोठे खर्च करावा, नवा सहकारी कोण घ्यावा, हे ठरविण्याच्या बैठकीत त्याला मत होते. त्याने पत्करलेली गरिबी ही त्याने स्वतः केलेली निवड होती, आणि तिच्या बदल्यात त्याला स्वातंत्र्य, प्रतिष्ठा व वीस वर्षांची निश्चिती लाभत होती. ज्याला यांपैकी एकही गोष्ट द्यावयाची नाही, त्याच्याकडून तशाच त्यागाची अपेक्षा करणे याला व्रत म्हणता येत नाही. व्रत हे घेणाऱ्याने घ्यावयाचे असते. ते दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू त्याच काळात एका थोर पुरुषाने मांडली होती. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी तिजोरीतील पैसा मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि उच्च शिक्षणावर तो खर्च होऊन त्याचा लाभ मात्र मूठभर वरच्या वर्गांना मिळतो, तेव्हा प्राथमिक शिक्षणाकडे आधी लक्ष द्या, असा त्यांचा आशय होता. सार्वजनिक उच्च शिक्षणाची बाजू मांडणाऱ्या कोणालाही या आक्षेपाला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. त्याचे उत्तर शब्दांनी कमी आणि कृतीने अधिक दिले गेले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय उघडतात. डॉक्टर पंजाबराव देशमुख अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था उभी करतात. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करतात व पुढे औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाचा पाया घालतात. याच बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न मांडताना, लोकांकडून अबकारीच्या रूपाने जे घेतले जाते, निदान तेवढे तरी शिक्षणाच्या रूपाने त्यांना परत मिळावे, असा युक्तिवाद केला होता. रयतेचा पैसा महाविद्यालयावर खर्च व्हावयाचा असेल, तर महाविद्यालयाचे दार रयतेच्या मुलांमुलींना उघडे असले पाहिजे. फुल्यांच्या आक्षेपातून निघणारा हा दंडक आजही तितकाच लागू आहे आणि पुढील सर्व विवेचन त्याच कसोटीवर घासून पाहावयाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर या क्षेत्राचा विस्तार झपाट्याने झाला. १९४७ साली देशात वीस विद्यापीठे व सुमारे पाचशे महाविद्यालये होती. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे २०२१-२२ साली महाविद्यालयांची संख्या पंचेचाळीस हजारांवर गेली होती. दूरशिक्षणाचे विद्यार्थी धरून एकूण विद्यार्थी सुमारे ४ कोटी ३३ लाख आणि अध्यापक सुमारे १६ लाख होते. म्हणजे सरळ भागाकार केला, तर एका अध्यापकामागे सत्तावीस विद्यार्थी पडतात. पूर्वी ज्या घरात पाटीला कोणाचा हात लागला नव्हता, अशा घरांतून ही मुले आली आहेत. महाविद्यालय हे त्यांच्यापैकी कितीएकांच्या कुटुंबाने पाहिलेले पहिलेच महाविद्यालय आहे.

या विस्ताराला शिस्त लावण्यासाठी डॉक्टर राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ साली अहवाल दिला. अध्यापकांना योग्य वेतन असल्याखेरीज विद्यापीठांचा दर्जा टिकणार नाही, हे त्या आयोगाने ओळखले होते. १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला आणि १९५६ साली त्याला कायद्याचा आधार मिळाला. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, असे उद्दिष्ट सांगितले व १९६८ सालच्या राष्ट्रीय धोरणाने ते स्वीकारले. २०२० सालच्या धोरणानेही पुन्हा हाच सहा टक्क्यांचा संकल्प उच्चारला आहे. आणि २०१७-१८ च्या अंदाजपत्रकी आकड्यांप्रमाणे केंद्र व राज्ये मिळून होणारा खर्च सुमारे ४.४३ टक्के आहे, अशी नोंदही त्याच धोरणात आहे. एकच संकल्प अर्धशतकाहून अधिक काळ पुनःपुन्हा सोडला जातो, तेव्हा संकल्पाच्या वेळी उदक हातावर पडते की बाजूला सांडते, हे पाहणे आवश्यक ठरते.

ते बाजूला कोठे सांडते, हे समजण्यासाठी घटनेतील एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे व त्यात सुसूत्रता राखणे, हा विषय घटनेने केंद्राकडे ठेवला आहे. शिक्षण हा व्यापक विषय पूर्वी राज्यांच्या यादीत होता; १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती यादीत आला. पण महाविद्यालयांचा दैनंदिन खर्च, विशेषतः अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांचे वेतन, मुख्यतः राज्यांच्या तिजोरीतून होतो. पंगतीत पदार्थ कोणते वाढावयाचे हे एकाने ठरवावे आणि वाण्याचे बिल दुसऱ्याने भागवावे, असा हा प्रकार आहे.

यातला मेळ घालण्यासाठी केंद्राने एक पद्धत वापरली. वेतनश्रेणी सुधारली की वाढीव खर्चाचा मोठा वाटा काही ठराविक काळापुरता केंद्राने द्यावयाचा आणि मग सारा भार राज्याने उचलावयाचा. १९८६, १९९६ व २००६ या तीन सुधारणांच्या वेळी हा वाटा शंभरांतील ऐंशी रुपयांचा होता. २०१६ सालच्या सुधारणेच्या वेळी तो पन्नास रुपयांवर आला, आणि तोही ३१ मार्च २०१९ पर्यंतच्याच काळापुरता. वेतनश्रेण्या मात्र वाढत गेल्या, आणि महागाईच्या मानाने त्या वाढावयासच हव्या होत्या. १९७३ साली नव्या व्याख्यात्याची श्रेणी ७०० रुपयांपासून सुरू होत असे. १९८६ साली ती २,२०० पासून, १९९६ साली ८,००० पासून आणि २०१६ पासून लागू झालेल्या सुधारणेत मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते.

येथे राज्यांच्या अर्थखात्यापुढे पेच उभा राहतो. वेतनश्रेणी कमी करता येत नाही, कारण तसे केल्यास केंद्राचे साहाय्य जाते व अध्यापकही संघटितपणे विरोध करतात. मग बचत कोठे करावयाची? उत्तर सोपे आहे: अध्यापक निवृत्त झाला की त्याची जागा भरावयाची नाही. ज्याचे वेतन कापले त्याचा आवाज उठतो. न भरलेल्या जागेला आवाज नसतो. महाराष्ट्रात हेच घडले. २०१७ साली पदभरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता मिळाली. त्यांपैकी १,४९२ भरली जातात न जातात तोच महामारी आली आणि उरलेल्या २,०८८ पदांची भरती थांबली. तिला पुन्हा मान्यता मिळण्यास २०२१ सालचा नोव्हेंबर उजाडावा लागला. शिवाय गेल्या काही दशकांत नव्या महाविद्यालयांना 'कायम विनाअनुदान' या अटीवरच परवानगी देण्याचे धोरण आले. 'कायम' आणि 'विनाअनुदान' हे दोन शब्द जेथे एकत्र येतात, तेथे अध्यापकाच्या वेतनाची हमी घेणारा कोणीच उरत नाही.

जागा रिकामी राहिली तरी वर्ग रिकामा राहत नाही. विद्यार्थी येतात, वेळापत्रक लागते, परीक्षा ठरलेल्या दिवशी येते. म्हणून त्या रिकाम्या जागेवर तासिका तत्त्वावर अध्यापक नेमला जातो. ही सोय मुळात तात्पुरत्या गरजेसाठी होती. कोणी आजारी पडला, कोणी अभ्यासरजेवर गेला, एखाद्या विशेष विषयासाठी बाहेरचा जाणकार बोलावला, तर तासाप्रमाणे मानधन देणे योग्यच आहे. परंतु जी सोय सहा महिन्यांची होती, ती दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांची झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमावलीत कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी असू नये, असे सांगितले आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला 'कंत्राटी' हे नावही न दिल्यामुळे या दोन्ही अटी बाजूने निघून जातात.

आता थोडा हिशेब मांडून पाहू. आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला पंधराशे रुपये, आणि महिन्याला अधिकात अधिक पन्नास हजार रुपये, असा दर सांगितला. अनेक ठिकाणी प्रत्यक्ष दर याहून कमी आहेत. तरी आपण हाच वरचा आकडा धरू. पन्नास हजारांची मर्यादा तेहतीस तासांतच संपते. म्हणजे आठवड्याला सुमारे आठ तास. नियमित सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास अध्यापन सांगितलेले आहे. म्हणजे तासिकेवरच्या अध्यापकाला पूर्ण काम मिळालेच, तर त्याच्या अर्ध्या तासांचे मोल या मर्यादेत बसतच नाही. शिवाय अध्यापनाचे आठवडे वर्षात तीसच. तीस आठवड्यांचे सात-साडेसात महिने होतात. दर महिन्याला पूर्ण पन्नास हजार मिळाले, तरी वर्षाची बेरीज पावणेचार लाखांच्या आसपास येते. नियमित सहकाऱ्याचे केवळ आरंभीचे मूळ वेतन, कोणताही भत्ता न धरता, वर्षाला ६ लाख ९२ हजार ४०० रुपये होते. उन्हाळ्याची व दिवाळीची सुटी नियमित अध्यापकाच्या वेतनात अंतर्भूत असते. तासिकेवरच्या अध्यापकाच्या बाबतीत सुटी म्हणजे चूल थंड होण्याचे दिवस. त्यातून बिले महिनोन्महिने अडकून राहतात, ही तक्रार तर सर्वपरिचित आहे.

या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी आणखी महत्त्वाच्या आहेत. एका तासाच्या व्याख्यानामागे कित्येक तासांचे वाचन असते. व्याख्यान संपल्यावर दाराशी थांबलेला विद्यार्थी असतो, त्याची शंका असते. त्याला पुढे काय शिकावे हे सांगणारे दुसरे कोणी घरात नसते. प्रयोगशाळेची मांडणी, उत्तरपत्रिकांची तपासणी, ग्रंथालयासाठी पुस्तकांची निवड, ही सर्व कामे अध्यापनाचाच भाग आहेत, पण तासाच्या हिशेबात त्यांना रकाना नाही. जो अध्यापक एका महाविद्यालयातील तास संपवून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयासाठी एस्.टी. पकडावयास धावतो, त्याने दाराशी थांबलेल्या विद्यार्थ्याला काय उत्तर द्यावे? वेतनाचा अन्याय हा अध्यापकाच्या घरापुरता राहत नाही, तो येथे विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. आणि ज्याला अध्यापकाची सर्वांत अधिक गरज असते तो विद्यार्थी, म्हणजे घरातला पहिलाच पदवीचा उमेदवार, नेमका अशाच महाविद्यालयांत शिकत असतो.

न्यायालयांनी या स्थितीची दखल घेतली आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाब राज्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातेतील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. त्यांना महिना तीस हजार रुपये मिळत होते. त्यांना नियमित श्रेणीतील किमान वेतन द्यावे, असा निर्णय न्यायालयाने दिला, आणि समारंभात गुरूची स्तोत्रे म्हणावयाची व वेतन देताना त्याला विसरावयाचे या वृत्तीवर बोट ठेवले. निर्णय योग्यच आहे. पण न्यायालयाची पायरी चढणाऱ्यापुरताच न्याय मिळावा, ही व्यवस्था समाधानकारक म्हणता येणार नाही.

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. इतर अनेक वस्तू यंत्रांमुळे स्वस्त होत असताना शिक्षण मात्र महाग का होत जाते? अध्यापकांच्या वेतनाचा बोजा दर दशकाला का वाढावा? या प्रश्नाचे उत्तर विल्यम बॉमोल व विल्यम बोएन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाट्य-संगीतादी कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना दिले. त्यांचा विचार आपल्या परिचयाच्या उदाहरणाने सांगता येईल. मागावर एक लुगडे विणण्यास पूर्वी जितके दिवस लागत, तितक्या काळात आजची गिरणी शेकडो लुगडी काढते. परंतु विलंबित ख्यालाची तासाभराची मांडणी करावयास शंभर वर्षांपूर्वी एक तास लागे आणि आजही एक तासच लागतो. गवयाने दुप्पट वेगाने गाऊन उत्पादन वाढवावे, असे कोणी म्हणणार नाही. आता गिरणीतल्या कामगाराचे वेतन वाढले आणि गवयाचे वाढले नाही, तर उद्या गाणे शिकावयास कोणी येणार नाही. म्हणून गवयाचे वेतनही वाढवावे लागते, आणि त्यामुळे गाणे सापेक्षतेने महाग होते. अध्यापनाचे असेच आहे. वर्गात साठांऐवजी सहाशे विद्यार्थी बसविले, किंवा पडद्यावरून व्याख्यान ऐकविले, तर दर डोई खर्च कमी होईल. पण चुकलेले उत्तर का चुकले हे ज्याचे त्याला सांगण्याचे काम तेथे थांबेल. शिक्षणाचा खर्च वाढणे हे उधळपट्टीचे लक्षण असेलच असे नाही. ते पुष्कळदा देश इतर बाबतीत उत्पादक झाल्याचे लक्षण असते. आणि जो देश उत्पादक झाला आहे, त्याला हा खर्च झेपण्याची शक्तीही त्याच कारणाने आलेली असते.

मग हा खर्च विद्यार्थ्यानेच का सोसू नये? पदवी मिळाल्यावर त्याचे उत्पन्न वाढते. तेव्हा लाभ ज्याचा, खर्च त्याचा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. परंतु पदवीचा लाभ पदवीधरापुरता नसतो. प्राथमिक शाळेचा शिक्षक, तालुक्याच्या रुग्णालयातील परिचारिका, न्यायालयातील वकील, पाटबंधारे खात्याचा अभियंता, हे सगळे कोणत्या ना कोणत्या उच्च शिक्षणसंस्थेतून आलेले असतात. फुल्यांनी ज्या प्राथमिक शाळेसाठी आग्रह धरला, तिचा शिक्षकसुद्धा चांगल्या अध्यापकाच्या हाताखालून गेल्याशिवाय चांगला होत नाही. शिवाय ज्याचे उत्पन्न वाढते, त्याच्याकडून प्राप्तिकराच्या रूपाने समाजाला आपला वाटा परत घेता येतो. त्यासाठी अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर कर्ज ठेवण्याची गरज नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी फीचा आकडा पोहोचला की, आधी मुलीचे शिक्षण थांबते, मग धाकट्याचे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ सालापासून शालान्त परीक्षेनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, त्या हे ओळखूनच. सधन घरांतील विद्यार्थ्यांकडून अधिक फी घेण्यास हरकत नसावी. पण महाविद्यालयाचे सारे अर्थकारण फीवर उभे राहिले, की सधनांची मुले आत आणि इतरांची बाहेर, हा १८८२ सालचा देखावा पुन्हा पाहावा लागेल.

अध्यापकांच्या बाजूचाही विचार स्पष्टपणे केला पाहिजे. पूर्ण वेतनश्रेणी मिळत असताना वर्गाकडे पाठ फिरविणारे, तीच जुनी टिपणे वर्षानुवर्षे वाचून दाखविणारे, असेही काही आहेत. २०१३ साली महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी आपल्या मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर दीर्घकाळ बहिष्कार घातला, तेव्हा त्या मागण्यांत तथ्य असूनही, ताटकळत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांची सहानुभूती त्यांनी बऱ्याच अंशी गमावली. जनतेच्या पैशातून वेतन घेणाऱ्याने जनतेला हिशेब दिला पाहिजे, यात शंका नाही. नियमित अध्यापकांच्या संघटनांनी आपल्याच शेजारी बसणाऱ्या तासिकेवरच्या सहकाऱ्याचा प्रश्न स्वतःच्या वेतनवाढीइतक्याच आग्रहाने मांडला, तर त्यांच्या शब्दाला अधिक वजन येईल. खाजगी संस्थांत नेमणुकीसाठी पैसे मागितले जातात, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. वेतन शासनाने द्यावयाचे आणि नेमणूक मात्र संस्थाचालकाच्या हाती, अशी विभागणी असेल तेथे निवडीची प्रक्रिया उघड आणि तपासता येण्याजोगी असणे, हा सार्वजनिक पैशाचा पहिला हक्क आहे. केरळात १९७२ पासून खाजगी महाविद्यालयांतील अध्यापकांचे वेतन शासनाकडून थेट दिले जाऊ लागले. महाराष्ट्रातही अनुदानित महाविद्यालयांत वेतन थेट मिळते. त्यामुळे संस्थाचालकाच्या मर्जीवर वेतन अवलंबून राहण्याचा प्रकार पुष्कळ कमी झाला. जी सुधारणा वेतनात झाली, ती निवडीतही होऊ शकते.

यावर करावयाचे उपाय अवघड नाहीत, खर्चिक मात्र आहेत. पहिला उपाय, रिक्त जागांची संख्या प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावी; जी जागा दिसत नाही, ती भरली जात नाही. दुसरा, जेथे विद्यार्थी व तास कायमचे आहेत, तेथे पदही कायमचे असावे, आणि तासिकेची सोय तिच्या मूळच्या तात्पुरत्या गरजेपुरतीच ठेवावी. तिसरा, नियमित नेमणूक होईपर्यंत पूर्ण काम करणाऱ्यास तासाऐवजी महिन्याचे वेतन, आणि तेही बारा महिने, दिले जावे. चौथा, केंद्राने वेतनश्रेणी ठरविताना आपला वाटा तीन वर्षांपुरता न ठेवता, गरीब राज्यांना अधिक व सधन राज्यांना कमी अशा प्रमाणात, दीर्घकाळ उचलावा. आणि पाचवा उपाय नागरिकांच्या हाती आहे. अंदाजपत्रकाच्या दिवशी कोणती वस्तू स्वस्त झाली आणि कोणती महाग, एवढेच वाचून वर्तमानपत्र बाजूला न ठेवता, शिक्षणावर किती खर्च झाला, हा प्रश्न आपल्या प्रतिनिधीला विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

महाविद्यालयाची इमारत एकदा बांधली की ती दिसते, तिचे उद्घाटन होते, कोनशिलेवर नाव कोरले जाते. अध्यापक मात्र असा एकदाच उभा करून ठेवता येत नाही. त्याचा अभ्यास दरवर्षी नव्याने व्हावा लागतो आणि त्यासाठी त्याच्या घरची चूल निश्चिंतपणे पेटत राहावी लागते. पूर्वीच्या पिढीने पंच्याहत्तर रुपयांवर महाविद्यालये उभी केली, कारण तेव्हा त्यांच्यामागे लोकांचे शासन नव्हते. आज ते आहे. म्हणून लोकांच्या मुलांना शिकविणाऱ्याला न्याय्य वेतन देणे हे कोणा एकाच्या दातृत्वावर सोडण्याचे कारण उरलेले नाही. ते आता आपल्या सर्वांच्या नेहमीच्या हिशेबातील एक साधे देणे आहे, आणि देणे वेळेवर फेडावे, हीच आपली जुनी रीत आहे.